खारेपाटाची माती

अलिबागहून पेणकडे जाणारा रस्ता पोयनाडच्या बाजूस आला, कीं धरमतर खाडीच्या अंगास एक विस्तीर्ण सखल प्रदेश दृष्टीस पडतो. त्यास तिकडील लोक खारेपाट म्हणतात. श्रावणांत तेथून जाणाऱ्या प्रवाशाला हिरव्या भातशेतीशिवाय दुसरें कांहीं दिसत नाहीं, आणि निसर्गानें कोंकणाला दिलेलें हें एक सहज देणें आहे, असें त्याला वाटून जातें. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. यांतील पुष्कळशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षां खालीं आहे. समुद्र आणि शेत यांच्यामध्यें उभा आहे तो केवळ मातीचा एक बांध. आणि तो बांध माणसांनीं डोक्यावर चिखलाच्या पाट्या वाहून घातलेला आहे.

हा मुलूख आजच्या रायगड जिल्ह्यांत मोडतो. १९८१ सालच्या आरंभीं हें नांव मिळालें. त्यापूर्वीं या जिल्ह्यास कुलाबा असें म्हणत. कुलाब्याचा इतिहास म्हटला, कीं आंग्र्यांचें आरमार, जलदुर्ग आणि रायगडचें सिंहासन यांचें स्मरण होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या मातीवर हा सर्व इतिहास घडला, त्या मातीलाही स्वतःचा एक इतिहास आहे. तो दोन प्रश्नांभोंवतीं फिरतो. बिघडलेली माती बरी कशी करावी, हा पहिला प्रश्न. बरी केलेली माती कोणाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर खारेपाटानें शेंकडों वर्षांपूर्वीं शोधून काढलें. दुसऱ्याचें उत्तर मिळविण्यासाठीं त्याला फार मोठी किंमत द्यावी लागली, आणि तें उत्तर अजूनही पुरतें हातीं आलेलें नाहीं.

समुद्राच्या पाण्यांत दर लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. असें पाणी शेतांत शिरलें म्हणजे मातीस दोन प्रकारचा अपाय होतो. एक तर खारट पाणी रोपाच्या मुळांना ओढून घेतां येत नाहीं. पाण्यांत उभें असलेलें रोप तहानेनें वाळतें. दुसरें असें, कीं मिठांतील सोडियम चिकणमातीच्या कणांची घडण मोडून टाकतो. मग ती माती भिजली म्हणजे चिखल होते आणि सुकली म्हणजे दगड होते. तिच्यांतून पाणी झिरपत नाहीं आणि हवा खेळत नाहीं. उन्हाळ्यांत खालचा क्षार ओलाव्याबरोबर वर चढतो आणि जमिनीच्या पाठीवर पांढरा थर धरतो. अशा जमिनीस नांगर लावून उपयोग नसतो. तिला आधीं बरें करावें लागतें.

या रोगावरील औषध कोंकणांत आकाशांतून येतें. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर सुमारें ऐंशीं लक्ष लिटर गोडें पाणी! परंतु औषध पुष्कळ असून भागत नाहीं. तें रोग्याच्या पोटांत राहिलें पाहिजे, आणि दोष बाहेर पडण्यास वाटही असली पाहिजे. खारेपाटच्या शेतकऱ्यानें ही सोय बांध आणि उघाडी या दोन साधनांनीं केली. खाडीच्या बाजूस मोठा बांध घालावयाचा, त्यानें भरती अडवावयाची. आंत लहान बांध घालून शेतें पाडावयाचीं, त्यांत पावसाचें पाणी साठवावयाचें. त्या पाण्यांत मातींतला क्षार विरघळला, कीं ओहोटीच्या वेळीं तें खारट पाणी उघाडींतून खाडींत सोडून द्यावयाचें. उघाडी म्हणजे बांधांत बसविलेला दरवाजा. भरतीचें पाणी त्यावर बाहेरून लोटलें, कीं तो मिटतो. ओहोटी लागली, कीं आंतल्या पाण्याच्या रेट्यानें उघडतो. सर्व कारभार चंद्राच्या घड्याळावर चालतो.

असें दरसाल धुतां धुतां माती हळूहळू गोड होते. आरंभीं तिच्यांत खारटपणा सोसणारें जाडें तांबडें भातच तग धरतें. काळा राता आणि भुरा राता हीं नांवें जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडीं असत. पुष्कळ ठिकाणीं या जमिनीस नांगरट नाहीं कीं लावणी नाहीं. मोड आणलेलें बीं चिखलावर फेंकून पेरतात, त्यास रहू असें म्हणतात. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें पुढें याच देशी वाणांच्या अभ्यासावरून क्षार सोसणाऱ्या भाताच्या नव्या जाती तयार केल्या. शास्त्र येथें शेतकऱ्याच्या मागून आलें, हें नमूद करण्याजोगें आहे.

आतां हा बांध कोणी घालावयाचा आणि कोणी राखावयाचा? एकट्या माणसाचें हें काम नव्हे. बांध मैलोगणती लांबीचा, आणि त्याची मजबुती त्याच्या सर्वांत कच्च्या हातभर जागेवर अवलंबून. खेकड्यानें पाडलेलें एक बीळ, उंदरानें पोखरलेली एक जागा, आणि उधाणाची एक रात्र, एवढें शेंकडों एकर बुडविण्यास पुरें होतें. बांधाला असें भगदाड पडलें म्हणजे खांड गेली असें म्हणतात. खांड गेली, कीं त्या सालचें पीक तर जातेंच. पण माती पुन्हां धुवून निघण्यास पुढचे दोन-तीन पावसाळे खर्चीं पडतात. म्हणून खारेपाटांत जोळ नांवाची रीत पडली. उधाणाच्या आधीं अगर खांड जातांच गांवचीं माणसें एकत्र होऊन बांधाचें काम करीत. मजुरीचा प्रश्न नसे, कारण बांध सर्वांचा आणि त्याच्या आडचें शेतही सर्वांचें पोट भरणारें.

मराठी अमदानींत अशा पडीक खारी लागवडीस आणणाऱ्यास कौल देत. पहिलीं कांहीं वर्षें सारा माफ, आणि पुढें वर्षावर्षानें थोडथोडा चढता सारा, या पद्धतीस इस्तावा म्हणत. माती बरी होण्यास वेळ लागतो, आणि तोंवर तिच्याकडून कांहीं मागणें अन्यायाचें आहे, एवढी जाण त्या व्यवस्थेंत होती. आंग्र्यांचें कुलाबा संस्थान १८४० मध्यें इंग्रजांनीं खालसा केलें. त्यानंतर १८८३ सालीं छापलेल्या सरकारी गॅझेटियरांत अलिबाग व पेण भागांतील शिलोत्री वहिवाटीचें वर्णन आलेलें आहे. शिलोत्रदारानें बाहेरचा बांध राखावयाचा आणि त्याबद्दल बिघ्यामागें ठरलेलें भात घ्यावयाचें, हा शिलोत्रीचा गाभा. दुसऱ्या कांहीं खारींत कुळेंच आपापसांत बांधाचा भार वांटून घेत. दोन्हींत तत्त्व एकच होतें. हक्क आणि बांध यांची गांठ सुटूं द्यावयाची नाहीं.

हें तत्त्व केवळ कोंकणाचें नव्हे. युरोपांत हॉलंड देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखालीं वसलेला आहे. तेथें तेराव्या शतकापासून बांधांचा कारभार पाहणाऱ्या पंचायती चालत आल्या आहेत. ज्याची जमीन, त्यानें आपल्या वांट्याचा बांध राखलाच पाहिजे, असा तेथील जुना दंडक होता. ज्यास तें झेपत नसे, तो बांधांत आपलें फावडें रोवून निघून जाई. जो तें फावडें उपटून घेई, त्याकडे जमीन आणि बांध हीं दोन्हीं जात. कायदा कठोर खरा. पण बांधाच्या कामांत हात नसलेल्यानें जमिनीचा धनी म्हणून मिरवावें, ही गोष्ट त्यास मान्य नव्हती.

कुलाब्यांत मात्र नेमकें तेंच घडलें. इंग्रजी अमलांत जमिनीचे कागद, कोर्ट आणि कर्ज हीं तिन्हीं खोत व सावकार यांच्या हातीं एकवटलीं. अडचणीच्या सालीं कुळानें अंगठा उठवावा, आणि पुढें त्या अंगठ्याखालून सर्व शेत निघून जावें, असा क्रम सुरू झाला. चिखलांत उतरणारें कूळ तेंच राहिलें, माती धुणारें तेंच राहिलें. पण धुतलेल्या मातीवरचें भात खळ्यावरूनच दुसऱ्याच्या कोठारांत जाऊं लागलें. वेठ आणि निरनिराळ्या बाबतींची वसुली हीं वर होतींच. समुद्राची भरती बांधानें अडवितां येत होती. या भरतीस बांध कोठला घालावयाचा?

तो बांध चरी या गांवानें घातला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं अलिबाग तालुक्यांतील या लहानशा गांवीं शेतकऱ्यांची सभा भरली, आणि योग्य वांटा मिळेपर्यंत खोतांची जमीन कसावयाची नाहीं असा निश्चय झाला. पुढारी होते नारायण नागू पाटील. कुलाबा जिल्हा शेतकरी संघ ही त्यांची संघटना. संपांत आसपासचीं सुमारें पंचवीस गांवें सामील झालीं. शेतकऱ्याचा संप हा गिरणीच्या संपाहून फार वेगळा असतो. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो. शेत पडीक राहिलें तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरांतली चूल विझते. तरीही हा संप एक-दोन महिने नव्हे, १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षें चालला. लोकांनीं रानांतील लाकूड विकलें, खाडींतली मासळी धरली, मिळेल ती मजुरी केली. पण ठराव मोडला नाहीं.

या लढ्याचा आवाज मुंबईपर्यंत पोहोंचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई प्रांताच्या कायदेमंडळांत खोती रद्द करण्याचें बिल मांडलें. पुढें १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतील हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ मध्यें कुळांस संरक्षण देणारा कायदा झाला, १९४८ मध्यें त्याहून व्यापक कुळकायदा आला, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानणारा दिवस ठरला. माती बरी करणारा तो तिचा धनी, हें खारेपाटचें जुनें तत्त्व अशा रीतीनें पुन्हां कागदावर आलें.

येथें कथा सुखान्त व्हावयाची. परंतु इतिहास तसा सरळ चालत नाहीं. कुळास जमीन मिळाली, त्याच सुमारास बांधाची व्यवस्था बदलली. जुना शिलोत्रदार गेला होता, खोत जाण्याच्या वाटेवर होता, आणि मोठ्या बांधाचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचा होता. म्हणून १९४८ च्या खार जमीन कायद्यानें एक मंडळ स्थापन झालें, आणि पुढें १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्यानें या योजनांचा भार शासनानें आपल्या शिरावर घेतला. हेतु चांगला होता, आणि त्यापासून लाभही झाला. अनेक ठिकाणीं दगडी पिचिंगचे भक्कम बांध आणि सिमेंटच्या उघाड्या उभ्या राहिल्या. परंतु त्याबरोबर एक सूक्ष्म फरक पडला. बांध सरकारचा झाला आणि शेत शेतकऱ्याचें राहिलें. खांड गेली, तर पूर्वीं गांव फावडें घेऊन धांवे. आतां अर्ज घेऊन धांवूं लागला. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांचें पंचांग वेगळें, आणि चंद्राचें पंचांग वेगळें. अमावास्येचें उधाण मंजुरीसाठीं थांबत नाहीं.

यांत सर्व दोष सरकारचा आणि गुण सर्व गांवाचा, असें मानणें बरोबर होणार नाहीं. जोळीची रीत मोडण्यास गांवचीं कारणेंही होतीं. तरुण मंडळी मुंबईस आणि कारखान्यांत गेली. कष्टाच्या मानानें भाताचें उत्पन्न तुटपुंजें वाटूं लागलें. कोणी शेतांतच खारें पाणी राखून जिताडा पाळूं लागला. शेजाऱ्याच्या भातास तें पाणी बाधूं लागलें. जेथें सर्वांचें पोट एका बांधावर होतें, तेथें प्रत्येकाचें पोट निराळ्या ठिकाणीं गेलें. बांध दुबळा झाला तो आधीं माणसांच्या मनांत, आणि मग समुद्राच्या काठीं.

तशांत नगराची पावलें खारेपाटाकडे वळलीं. १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या भूमीवर नवी मुंबई उभी करण्याचें काम तिच्याकडे आलें. या भूमींत मिठागरें होतीं, खाजणें होतीं, आणि पिढ्यांच्या श्रमानें गोड केलेलीं खारशेतेंही होतीं. त्यांवर भराव पडला. जमिनीचा मोबदला ठरवितांना खारी मातीस कमी प्रतीची समजण्याची रीत. ती गोड करण्यास किती पिढ्या लागल्या, याचा रकाना हिशेबाच्या वहींत नव्हता. १९८४ च्या जानेवारींत १६ आणि १७ तारखेस उरण तालुक्यांत शेतकऱ्यांचें आंदोलन झालें, त्यांत गोळीबार होऊन पांच जण प्राणास मुकले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील होते. या लढ्यानंतरच, विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ धन्यास परत द्यावा, हें सूत्र मान्य झालें. शहरांत घर घेणारा गृहस्थ आपल्या इमारतीचें क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजतो. त्या फुटांखालीं कोणाचे बांध गाडले गेले आहेत, हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नसतें. परंतु ठाऊक असणें इष्ट आहे.

पुढें २००८ मध्यें विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील जमीन घेण्याचा प्रश्न निघाला. तेव्हां २१ सप्टेंबर रोजीं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यांत आला. जमीन देण्याविरुद्ध फार मोठें बहुमत पडलें, आणि तो प्रकल्प त्या रूपांत उभा राहिला नाहीं. एके काळीं कौल हा शब्द राजानें रयतेस दिलेल्या अभयपत्रास लावीत. येथें रयतेनेंच राज्यकर्त्यांस आपला कौल दिला.

या प्रश्नास एक नवीन बाजूही आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. बांध फुटून शेतांत भरतीचें पाणी खेळूं लागलें, कीं थोड्याच वर्षांत तेथें तिवर व इतर कांदळ उगवतात. कांदळवन किनाऱ्यास वादळापासून राखतें आणि मासळीस पाळणाघर देतें. म्हणून मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ रोजीं त्याच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें ती कायम केली. निसर्गाच्या दृष्टीनें हें फार हिताचें झालें. परंतु ज्याचा बांध वेळेवर दुरुस्त न झाल्यामुळें शेतांत तिवर माजली, त्या शेतकऱ्याची स्थिति विलक्षण होते. शेत बुडालें दुसऱ्याच्या दिरंगाईनें. आणि आतां तें परत मिळवूं गेल्यास वन तोडल्याचा ठपका त्याच्यावर. तिवर राखावी हें खरेंच. पण ती राखण्याचा सारा भार एकट्या त्यानेंच कां वाहावा? सर्वांच्या हितासाठीं जर त्याचें शेत वन व्हावयाचें असेल, तर त्याची भरपाईही सर्वांनीं केली पाहिजे.

शिवाय मातीचा रोग आतां केवळ मिठाचा राहिला नाहीं. पाताळगंगा, तळोजें, रोहें आणि महाड या ठिकाणीं रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि तेथील नद्या शेवटीं याच किनाऱ्याच्या खाड्यांना मिळतात. मीठ पाण्यांत विरघळतें, आणि विरघळतें म्हणूनच पाऊस त्यास धुवून नेतो. शिसें, पारा यांसारख्या धातूंचें तसें नाहीं. ते चिकणमातीस धरून बसतात, आणि कितीही पावसाळे गेले तरी मातीची सुटका होत नाहीं. जेथें पावसाचें औषध चालत नाहीं, तेथें बिघाड करणाऱ्यास धरणें हाच उपाय उरतो. राजस्थानांतील बिछडी गांवची माती आणि विहिरी कारखान्यांच्या विषारी गाळानें नासल्या, त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं निर्णय दिला, कीं ज्यानें बिघडविलें त्यानेंच बरें करण्याचा खर्च सोसला पाहिजे. २०२५ च्या जुलैंत केंद्र शासनानें दूषित स्थळांच्या व्यवस्थेसाठीं स्वतंत्र नियमही केले. कायद्यानें हें पाऊल टाकलें तें उत्तमच. परंतु नियम हाही एक बांधच आहे, आणि त्यास राखण करणारे हात नसले तर त्यालाही खांड जाते.

खारेपाटच्या इतिहासाचा मथितार्थ थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. माती बरी करणें हें एका माणसाचें काम नाहीं, एका वर्षाचें काम नाहीं, आणि तें एकदां करून संपणारेंही नाहीं. जोंपर्यंत श्रम करणाऱ्याच्या हातीं हक्क होता आणि हक्कदाराच्या खांद्यावर बांध होता, तोंपर्यंत समुद्र बाहेर राहिला. खोतीच्या काळांत श्रम एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे गेला, तेव्हां चरीला सहा वर्षें उपास काढावे लागले. पुढें हक्क शेतकऱ्याकडे आला, पण जबाबदारी दूरच्या कचेरींत गेली, तेव्हां बांधांना खांडी पडल्या. बांधास लागणारा पैसा आणि शास्त्र शासनानें पुरवावें, त्याची देखरेख आणि निर्णयाचा अधिकार गांवाकडे असावा, आणि बिघाड करणारा कोणीही असो, त्यानें भरपाई करावी, एवढी त्रिसूत्री पाळली गेली तर खारेपाटची माती पुन्हां गोड होण्यास पाऊस आजही पुरेसा पडतो.

उधाणाच्या रात्रीं बांधावर कंदील घेऊन फिरणारा माणूस कोणत्याही बखरींत सांपडत नाहीं. परंतु या किनाऱ्यावरचें भाताचें प्रत्येक शित त्याच्या जागरणाचें ऋणी आहे. त्याचें नांव इतिहासांत आलें नाहीं तरी चालेल. त्याचा वांटा मात्र हिशेबांत आला पाहिजे.